विशेष शिक्षक कोणी घडवायचा? : एकशे चाळीस वर्षे टाळलेला प्रश्न

१/
दर ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, समाजमाध्यमांवर एकाच साच्याचा इतिहास वाचायला मिळतो. अमुक साली अमुक थोर व्यक्तीने अंधशाळा काढली, तमुक बाईंनी मूकबधिर मुलांसाठी आयुष्य वेचले. खाली 'शतशः नमन', आणि मग वर्षभर शांतता. या इतिहासात संस्थापक असतात, देणगीदार असतात, कृतज्ञ मुलेही असतात. शिक्षक मात्र नसतो. तो कुठे शिकला, त्याला कोणी शिकवले, त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघाला, हे कोणी विचारत नाही. आजचा धागा या गैरहजर माणसाविषयी आहे.

२/
भूमिका आरंभीच सांगते. महाराष्ट्रात विशेष शिक्षणाची पहिली शाळा निघाली त्याला सुमारे एकशे चाळीस वर्षे झाली. यांतील बहुतेक काळ विशेष शिक्षक घडवणे हे काम राज्यसंस्थेने शिक्षणाचे मानलेच नाही. ते दयेच्या आणि कल्याणाच्या खात्यावर मांडले. खेड्यातल्या शाळेत आज विशेष शिक्षक दिसत नाही, त्याचे मूळ या मांडणीत आहे. ही परिस्थिती आपोआप उद्भवलेली नाही. ती निर्णयांनी घडवली आहे, आणि त्या निर्णयांना तारखा आहेत.

३/
मी हे जेऊरहून लिहिते आहे. अक्कलकोटकडचे जेऊर नव्हे; करमाळा तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे, उजनीच्या फुगवट्याजवळचे जेऊर. जेऊरचा उल्लेख भावनेपोटी करत नाही. शिक्षणाच्या धोरणाचा इतिहास मुंबई-पुण्यात बसून वाचला की तो प्रगतीचा आलेख वाटतो. तोच इतिहास दोन शहरांच्या मधल्या एका स्थानकावरून वाचला की त्यातली गाळलेली स्थानके दिसू लागतात.

४/
मोजपट्टी कोणाची घ्यायची? बाहेरून आणण्याची गरज नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षकाविषयी त्यांच्या मागण्यांचे सार तिहेरी होते. शिक्षक शक्यतो प्रशिक्षित असावा. तो ज्यांना शिकवायचे त्या शेतकरी वर्गातला, त्यांच्यात मिसळणारा असावा. आणि त्याला पोटापुरता पगार असावा : दरमहा बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावी पंधरा-वीस. प्रशिक्षण, आपलेपणा, वेतन. या तीन कसोट्या विशेष शिक्षणाला लावून पाहू.

५/
या निवेदनानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत, १८८०च्या दशकाच्या मध्यास, मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा निघाली. देशातली अशी ही पहिली शाळा मानली जाते. काळाचा योगायोग ध्यानात घ्या. सामान्य शाळांसाठी १८५४च्या वुडच्या खलित्यापासून प्रशिक्षणशाळांची चर्चा चालू होती, पुण्यात त्या उभ्याही होत्या. बधिर मुलांच्या शाळेला मात्र शिक्षक हवा तर तो युरोपातून यावा, ही स्थिती. सरकारच्या प्रशिक्षणव्यवस्थेत या मुलांसाठी जागा नव्हती.

६/
युरोपातून जे ज्ञान आले त्याचीही एक बाजू होती. १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६०हून अधिक प्रतिनिधींत बधिर व्यक्ती जवळजवळ नव्हतीच. हातवाऱ्यांची भाषा शाळेतून हद्दपार करावी, ओठ वाचणे आणि बोलणे हेच शिक्षण, असा ठराव त्यांनी केला. मुंबईची शाळा या ठरावाच्या ताज्या प्रभावाच्या काळात जन्मली. परिणाम एका वाक्यात सांगता येतो : ज्याला ऐकू येत नाही तो बधिरांचा शिक्षक होऊच शकत नाही, हे गृहीतक प्रशिक्षणाच्या पायातच भरले गेले. फुल्यांची दुसरी कसोटी तिथेच निकालात निघाली.

७/
कलकत्त्याने निदान पहिल्या कसोटीचे महत्त्व ओळखले. तिथली मूकबधिर शाळा १८९३ची. थोड्याच वर्षांत संस्थापकांपैकी यामिनीनाथ बॅनर्जी ब्रिटन आणि अमेरिकेत जाऊन शिक्षणपद्धती शिकून आले, आणि ती शाळा इतरांसाठीही शिक्षक घडवू लागली. आधी शिक्षक, मग शाळेचा विस्तार, हा क्रम तिथल्या मंडळींना उमगला होता. पण तोही खाजगी प्रयत्न. सरकार अनुदानाच्या पलीकडे गेले नाही. बधिरांच्या शिक्षकांची देशव्यापी संघटना उभी राहायला १९३५ साल उजाडले.

८/
अंधांच्या शिक्षणाचा आरंभ आमच्या भागाच्या दुष्काळांशी जोडलेला आहे. १८९९-१९००च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. त्याच सुमारास, १९०० साली, अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंधशाळा काढली. १९०२मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. म्हणजे अंध मूल शाळेत आले ते निराश्रित म्हणून, विद्यार्थी म्हणून नव्हे. आधी अन्न, मग निवारा, मग काम, आणि शेवटी जमल्यास अक्षर. अनाथाश्रमाला पालक लागतो, शिक्षक लागतोच असे नाही.

९/
पुढची सत्तर वर्षे शाळा वाढल्या, पण प्रशिक्षणाची रीत तीच राहिली : संस्थापकाच्या हाताखाली पाहून शिकायचे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ची. एका दांपत्याने स्वतःच्या मुलीसाठी आरंभलेली. पुण्याची कामायनी १९६४ची, सिंधुताई जोशींच्या पुढाकाराने. १९७२मध्ये डॉ. मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी उभी केली, तीही मुलीला शाळा मिळेना म्हणून. या कर्तृत्वापुढे मान झुकतेच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने मान झुकवून थांबू नये. आईला शाळा काढावी लागते, याचा अर्थ शाळा काढण्याचे ज्यांचे काम होते त्यांनी ते केले नाही.

१०/
इथे 'सेवाभावी' या शब्दाची झडती घ्यायला हवी. गणिताच्या मास्तरांना आपण सेवाभावी म्हणत नाही. गणित येते का, एवढेच पाहतो. विशेष शिक्षकाच्या बाबतीत मात्र पहिला गुण माया, दुसरा संयम, आणि ब्रेल वाचता येते का हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या स्थानी. हे कौतुक महागात पडले. माया असलेल्याला प्रशिक्षण कशाला? सेवा करणाऱ्याला वेतन कशाला, मानधन पुरे. एका गौरवाच्या शब्दाने पहिली आणि तिसरी, अशा दोन कसोट्या एकदमच बाद केल्या.

११/
'तेव्हा कोणाला सुचलेच नव्हते' हा बचाव टिकत नाही. १९४४च्या सार्जंट अहवालाने, म्हणजे ब्रिटिश राजवटीच्याच शिक्षण आराखड्याने, प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणाच्या अंदाजित खर्चाचा दहा टक्के भाग अपंग मुलांसाठी राखावा असे सुचवले होते. हा विषय राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचा अविभाज्य भाग मानावा, हाच त्यामागचा विचार. स्वातंत्र्याच्या तीन वर्षे आधी आकडा कागदावर होता. स्वातंत्र्यानंतर तो कागदावरच राहिला.

१२/
साधनेही येत होती. १९५१मध्ये भारती ब्रेल ठरली. भारतीय भाषांसाठी वेगवेगळ्या चालणाऱ्या ठिपक्यांच्या पद्धतींऐवजी एक समान आधार मिळाला. १९५२मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघटना, म्हणजे आपण 'नॅब' म्हणतो ती, स्थापन झाली. लिपी तयार, संघटना तयार. पण लिपी आपोआप गावात पोहोचत नाही. सहा ठिपके बोटांना ओळखायला शिकवणारा माणूस लागतो, आणि त्याला आधी स्वतः शिकावे लागते. पाटी आणि टोचणी टपालाने पाठवता येते, शिक्षक नाही.

१३/
आता या इतिहासातला माझ्या मते सर्वांत दूरगामी निर्णय. १९६४मध्ये केंद्रात सामाजिक सुरक्षेचा वेगळा विभाग निर्माण झाला, तोच पुढे समाजकल्याण विभाग झाला, आणि अपंगांचा विषय शिक्षणाकडून तिकडे गेला. गंमत अशी की त्याच वर्षी नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात नेमके उलट सांगितले : या मुलांचे शिक्षण सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेपासून वेगळे करता कामा नये. अहवाल शिक्षणाकडे, फायली कल्याणाकडे. महाराष्ट्रातही विशेष शाळा समाजकल्याणाखाली आल्या, पुढे अपंग कल्याण आयुक्तालयाकडे, आणि २०२२पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे. पाट्या बदलल्या, शिक्षण विभागाची पाटी मात्र त्यांवर कधी लागली नाही.

१४/
खाते बदलल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. १९७४ची एकात्म शिक्षण योजना पाहा. अपंग मुलांनी सामान्य शाळेत शिकावे यासाठीची ही केंद्रीय योजना. पण ती सुरू केली कल्याण खात्याने, आणि सामान्य शाळा होत्या शिक्षण खात्याच्या. ज्या मुख्याध्यापकाने मुलाला वर्गात घ्यायचे तो एका खात्याचा, ज्या पैशातून मदत यायची तो दुसऱ्या खात्याचा. योजना शिक्षणाकडे यायला १९८२ उजाडले. आठ वर्षे म्हणजे एका मुलाचे संपूर्ण प्राथमिक शिक्षण, पहिली ते आठवी.

१५/
मग राष्ट्रीय संस्था आल्या. दृष्टिदोषासाठी डेहराडून (१९७९), श्रवणदोषासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था (१९८३), बौद्धिक अक्षमतेसाठी सिकंदराबाद (१९८४). त्यांनी प्रशिक्षणाला शास्त्र दिले, अभ्यासक्रम दिले, हे निर्विवाद. पण रचना पाहा : प्रत्येक प्रवर्गाची वेगळी संस्था, वेगळा अभ्यासक्रम, वेगळी पदविका. एक शिक्षक बधिरांचा, दुसरा अंधांचा, तिसरा मतिमंदांचा. ही रचना शहरातल्या विशेष शाळेसाठी बिनचूक आहे. मुंबईत चाळीस बधिर मुले एका इमारतीत गोळा करता येतात.

१६/
आता तेच गणित जेऊर परिसरात मांडा. ऐकू न येणारे मूल एका वस्तीवर, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी दुसऱ्या गावात, अल्पदृष्टीचा मुलगा तिसऱ्या शाळेत. प्रवर्गनिहाय शिक्षक म्हटले तर तिघांना तीन, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक विद्यार्थी. अर्थात तीनपैकी एकही नेमला जात नाही. 'ग्रामीण भागात मुलांची संख्या पुरत नाही' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. संख्या पुरत नाही ती प्रशिक्षणाच्या साच्याला. साचा शहरात ओतला आणि दोष खेड्याच्या माथी मारला.

१७/
हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते का? आले होते. १९८७मध्ये युनिसेफच्या साहाय्याने एक पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. त्यात महाराष्ट्रही होता. संस्थेऐवजी अख्खा विकासगट हा त्याचा घटक. प्रशिक्षण तीन पायऱ्यांचे : गटातल्या सर्व शिक्षकांना सुमारे एक आठवडा, दहा टक्के शिक्षकांना सहा आठवडे, आणि आठ-दहा शिक्षकांना वर्षभराचे बहुप्रवर्गी प्रशिक्षण. म्हणजे तालुक्यातलाच शिक्षक, सर्व प्रकारच्या मुलांसाठी तयार केलेला. फुल्यांच्या पहिल्या दोन कसोट्यांना इतकी जवळ जाणारी दुसरी सरकारी योजना मला दिसत नाही. प्रकल्प संपला आणि त्याची ही रचना नियम बनली नाही.

१८/
नियम दुसराच बनला. १९९२मध्ये संसदेने भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला. विशेष शिक्षकाला परिषदेकडे नोंदणी सक्तीची. नोंदणीविना काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढच्याच वर्षी, १९९३मध्ये, सामान्य शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचा कायदा झाला. एका देशात शिक्षकांच्या दोन जाती, दोन परिषदा, दोन मंत्रालये. दर्जा राखण्याचा पुनर्वास परिषदेचा हेतू योग्यच होता, भोंदूंना आळा हवाच होता. पण अप्रशिक्षित शिक्षकाला शिक्षा सांगणाऱ्या कायद्याने प्रशिक्षणाची सोय न करणाऱ्या सरकारला काहीच सांगितले नाही.

१९/
सांगितले ते १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने. त्याच्या कलम २९ने शिक्षक प्रशिक्षण संस्था उभारणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. २०१६च्या कायद्याने कलम १७मध्ये तेच अधिक स्पष्ट केले : पुरेशा प्रशिक्षण संस्था, ब्रेल आणि सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक, आणि स्वतः अपंगत्व असलेल्या शिक्षकांची नेमणूक. ही शेवटची तरतूद पुन्हा वाचा. मिलानच्या ठरावाने १८८०मध्ये लावलेले दार कायद्याने उघडायला इतका काळ गेला. आंतरराष्ट्रीय परिषदेनेही मिलानचे ठराव नाकारले ते २०१०मध्ये व्हँकुव्हरला. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र आले २०१५मध्ये.

२०/
एक आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला उत्तर द्यायला हवे. 'विशेष शाळाच बऱ्या. तिथे निदान जाणते शिक्षक आहेत. सामान्य शाळेत मूल नुसते मागच्या बाकावर बसते.' यातले निरीक्षण खरे आहे. बधिर मुलांना तर एकमेकांची सोबत हवी, कारण भाषा समूहातच वाढते. त्यांच्या निवासी शाळा बंद करा असे मी म्हणणार नाही. पण मागचा बाक हे समावेशाचे फळ नव्हे. ते समावेशाचा शासन निर्णय काढून शिक्षक न पाठवण्याचे फळ आहे. उपाय प्रशिक्षणात आहे, मुलाला परत पाठवण्यात नाही.

२१/
दुसरा आक्षेप : पैसा कुठे होता? या राज्यात एक काळ असा होता की गावोगाव डी.एड. विद्यालये निघाली, पुढे त्यांतली कित्येक ओस पडली. म्हणजे इमारती होत्या, परवानग्या होत्या, शिक्षक होऊ पाहणारे हजारो तरुण होते. यातल्या थोड्या तुकड्या बहुप्रवर्गी विशेष शिक्षणाकडे वळवायला नवा पैसा लागला नसता. लागली असती ती दोन परिषदांची एक बैठक. दुसरा दाखलाही घरचाच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचे प्रशिक्षण आदिवासी पाड्यांच्या शेजारी नेले. शिंपले, बिया, पाने ही त्यांची साधने. जिथे मूल, तिथे प्रशिक्षण, हे या महाराष्ट्रात करून दाखवलेले आहे.

२२/
आता वर्तमान. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवा आणि कायम पदे निर्माण करा असे बजावले. सप्टेंबर २०२२मध्ये केंद्राने प्रमाण अधिसूचित केले : पहिली ते पाचवी दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवी पंधरांमागे एक. महाराष्ट्राने २०२४मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० पदे मंजूर केली, प्रत्येक शाळासमूहाला एक. वर्षानुवर्षे कंत्राटावर, तालुकाभर फिरून काम केलेल्या शिक्षकांसाठी हे मोठे पाऊल आहे, आणि ते त्यांच्या संघर्षाने पडले आहे. पण प्रमाण मुलांवर ठरले होते. पदे केंद्रांवर वाटली गेली. केंद्र ही प्रशासनाची सोय आहे. हक्क मुलाचा आहे.

२३/
तीन कसोट्यांचा निकाल असा. प्रशिक्षण : शास्त्र आले, पण शहरी साच्यात. आपलेपणा : तालुक्यातलाच शिक्षक तयार करण्याची एकमेव गंभीर रचना प्रकल्पासोबत विरली, आणि अपंग व्यक्तीच शिक्षक व्हावी हे आत्ता कुठे मान्य झाले. वेतन : कायम पदाला मान्यता मिळाली ती आता, न्यायालयाच्या धाकाने. १८८२मधल्या मागण्या २०२०च्या दशकातही अर्ध्यावर आहेत.

मागणी साधी आहे. सोलापूर जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था वेळापूरला आहे. जिल्ह्याचे शिक्षक जिथे घडतात तिथेच बहुप्रवर्गी विशेष शिक्षणाचा पूर्ण अभ्यासक्रम का नसावा? अशी संस्था बहुतेक जिल्ह्यांत आहे. करमाळ्याच्या मुलीला विशेष शिक्षिका व्हायचे तर तिने पुण्याची गाडी का पकडावी?

२४/
शेवटी इतिहासाच्या वाचकांसाठी. संस्थापकांचे पुतळे आपल्याला सापडतात, शिक्षकांची हजेरीपत्रके सापडत नाहीत. तुमच्या गावात, तालुक्यात एखादी विशेष शाळा असेल, कोणी निवृत्त फिरते विशेष शिक्षक असतील, तर त्यांना तीन गोष्टी विचारा आणि लिहून ठेवा : तुम्ही हे कुठे शिकलात, किती दिवस शिकलात, आणि तेव्हा तुम्हाला पगार किती होता. दफ्तर नसलेल्या इतिहासाची ही पहिली कागदपत्रे ठरतील. पुढच्या ३ डिसेंबरला 'शतशः नमन' लिहिण्याऐवजी त्या शिक्षकाचे नाव, त्याच्या परवानगीने, आणि त्याची तीन उत्तरे लिहा.